सहा की साडेसहा?

माझ्या हातून कुणाला इजा होणार नाही, असा निर्वाळा मला ब्रिटिश पोलिसांनी दिलेला आहे. त्याचं कारण मात्र मी चारचौघांत सांगत नाही.

तेव्हा मी केंब्रिजजवळच्या एका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होतो. शनिवारी क्लबात जाऊन कागदी निशाण्यावर रायफल चालवायची, एवढंच माझं व्यसन. रायफल एकबारी, म्हणजे एका वेळी एकच गोळी. तिची नळी झिजली, म्हणून कीथ नावाच्या कारागिराकडून नवी करून घ्यायचं ठरलं. कीथने सहज विचारलं, "वाइल्डकॅट करायची का?" आणि तिथे माझा घात झाला.

वाइल्डकॅट म्हणजे दुकानात न मिळणारी गोळी. बाजारातल्या गोळीचं पितळी कवच घ्यायचं, त्याची मान आवळून आपल्याला हवी तशी करायची आणि नळी तिच्याच मापाने कोरून घ्यायची. (रेडिमेड शर्ट सोडून शिंप्याकडे जाण्यातलाच प्रकार.) प्रश्न एकच उरला: मान सहा मिलिमीटरची की साडेसहाची? त्यात मार्च ते ऑक्टोबर गेले.

"मुलीचं नाव आपण दोन दिवसांत ठेवलं," माझी बायको नीलिमा म्हणाली.

"नाव बदलता येतं. नळी एकदा कोरली की कोरली."

माप बदलायचं तर पोलिसांकडच्या परवान्यावरही तसं लिहून घ्यावं लागतं. मी अर्ज केला आणि त्यामागोमाग दुरुस्तीची दोन पत्रंही पाठवली. त्यांचा माणूस घरी तपासणीला येणार होता. नियम कडक: रायफलच्या लोखंडी कपाटाला दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये. लागला तर परवाना जाणार आणि रायफलही.

त्यात नागपूरहून आई आलेली. खंडेनवमीला तिने विचारलं, "घरात शस्त्र आहे आणि पूजा नाही?" मी समोर उभा असताना हरकत काय, म्हणून मी कपाट उघडून दिलं आणि तेवढ्यात कीथचा फोन आला. मी खिडकीकडे तोंड करून वीस मिनिटं सहा-साडेसहा केलं. वळून पाहिलं तर कपाटाचं दार लोटलेलं आणि आई प्रसन्न. मी आत न बघताच कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी पोलिसांकडचे गृहस्थ आले.

"किल्ली कुठे असते?"

मी शर्टाचं बटण काढून जानवं बाहेर ओढलं. त्याला किल्ली बांधलेली होती. (मुंजीनंतर सोडलेलं जानवं मी ब्रिटिश कायद्यासाठी पुन्हा घातलं होतं.) ते खूश झाले. मग मी कपाट उघडलं.

रायफलला दस्त्यापासून टोकापर्यंत हळदकुंकू. वर शेवंतीचं फूल, खाली तांदूळ. आणि शेजारी एक स्टीलचा डबा.

"हे काय आहे?"

"माय बँगल्स," चहा घेऊन आलेली आई म्हणाली. "व्हेरी सेफ कपबर्ड, सर."



"म्हणजे तुमच्याकडेही किल्ली असते?"

"नो, नो. ही ओपन्ड. देन ही वॉज ऑन द फोन. सिक्स, सिक्स अँड अ हाफ, सिक्स..."

ते माझ्याकडे वळले. "तुम्ही तेव्हा याच खोलीत होता?"

"होतो," मी म्हणालो. खोटं बोलायचा धीर नव्हता. "पण पाठ फिरवून."

आता गेला परवाना, असं मी धरूनच चाललो. त्यांनी फाईल उघडली. "अर्जात सहा. पहिल्या पत्रात साडेसहा. दुसऱ्यात पुन्हा सहा. आणि काल फोनवर काय ठरलं?"

"साडेसहा... बहुतेक."

त्यांनी फाईल मिटली. "डॉक्टर, दागिने बाहेर काढा आणि कपाट उघडं असताना पुन्हा पाठ फिरवू नका. राहिला तुमचा प्रश्न. बंदूक असलेला माणूस रागाच्या भरात काही करून बसेल का, हे मला बघायचं असतं. तुम्ही गोळी निवडेपर्यंत तुमचा राग शांत होईल."

मला इतकं हायसं वाटलं की मी त्याच भरात "सहाच लिहा" म्हणून मोकळा झालो. आईने त्यांना चकल्या बांधून दिल्या.

पुढे परवाना आला, नळीही आली. आता दुकानात दोन शर्टांपुढे मी अर्धा तास उभा राहिलो आणि विक्रेता चुळबुळ करू लागला, की नीलिमा त्याला शांतपणे सांगते, "काळजी करू नका, पोलिसांनी तपासलेला माणूस आहे."