मशीन तपासायची सीडी

आमचे हे घरी बहिरे असतात. "अहो, नळ गळतोय," असं एकदा सांगते, दोनदा सांगते, तिसऱ्यांदा ओरडते, तेव्हा कुठे वर्तमानपत्रामागून "हं" येतं. आणि हाच माणूस दुकानात इतक्या तिखट कानाचा, की लोक लांबून लांबून जुन्या कॅसेटी घेऊन येतात. कुणाच्या वडिलांचं भाषण, कुणाच्या लेकीचे बोबडे बोल. हे सगळं ते कॉम्प्युटरवर उतरवतात, खरखर काढतात आणि सीडीवर राईट करून देतात.

बरं, मशीन सीडी राईट करत असताना माणसाने चहा प्यावा, जरा पाय मोकळे करावेत. ते नाही. झालेली सीडी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात जाणार नाही. कानाला हेडफोन, डोळे मिटलेले, मान जराशी कलती. लोकांच्या आत्या-मामांची बडबड ऐकायला एवढा जीव! माझे केस पांढरे व्हायला आले, पण माझं एक वाक्य या माणसाने असं डोळे मिटून ऐकल्याचं मला आठवत नाही. मला दागिने नकोत, काही नको. तेवढं एकदा हवं होतं.

त्यात नणंद आली. "वहिनी, रागावू नकोस हं, पण दादाच्या दुकानात एक बाई रोज येऊन बसते. गाणारी आहे म्हणे." आगीत तेल ओतल्याशिवाय आमच्या नणंदबाईंना घास उतरत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी भडका उडायचा तो उडालाच.

संध्याकाळी भाजी निवडता निवडता मी सहज विचारावं तसं विचारलं, "कोण हो ती गाणारी?"

"त्या होय? काय आवाज आहे अगं!" हे म्हणाले.

पहिल्या हाकेला! नळासाठी तीन हाका लागतात, आणि इथे पहिल्या हाकेला उत्तर, वर चेहऱ्यावर हसू. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती भाजी मी कशी चिरली ते माझं मला माहीत.

दुसऱ्या दिवशी मीच त्यांचा डबा ओट्यावर पातेल्यामागे सरकवून ठेवला. हे विसरून गेले. मग मी ठेवणीतले कपडे काढले, आरशात दोनदा बघितलं आणि डबा घेऊन दुकानात पोचले. काय बोलायचं ते सगळं वाटेत घोकून ठेवलं होतं.

दुकान म्हणजे काचेचा दरवाजा, टेबलावर कॉम्प्युटर, कोऱ्या सीड्यांची चवड आणि फळीवर एक जुना प्लेअर. हे कव्हरं आणायला बाहेर गेले होते. आणि खुर्चीत ती. माझ्याहून मोठीच असेल, पण पाठ ताठ, अत्तराचा वास, आणि बसली होती अशी ऐसपैस, की दुकान तिच्याच नावावर असावं.

मी तोंड उघडलं. "मी यांची—"

"ओळखलं," ती म्हणाली. "आवाजावरून. जरा बदललाय, पण तोच."

मी चाटच पडले. "माझा आवाज तुम्ही कुठे ऐकलात?"

"रोज ऐकते. ऐकावाच लागतो." तिचंही नाक फुगलेलं होतं. "माझ्या जुन्या गाण्यांची सीडी लावायच्या आधी त्या प्लेअरवर तुमची लागते. म्हणतात, हा आवाज जसाच्या तसा आला की मशीन ठीक. जन्मभर गातेय मी, पण या दुकानात पहिला मान तुमचा. बघा की!" आणि तिने उठून बटण दाबलं.

"चालू झालंय का हे? मी काय बोलू? अहो, हसू नका ना... अहो!" आणि मग हसणं.

लग्नानंतर यांनी पहिला टेप आणला होता, तेव्हाचं. मी विसरून गेले होते. यांनी ते टेपवरून कॉम्प्युटरवर घेतलं, तिथून सीडीवर, आणि मला पत्ता नाही!

आधी मला असा काही आनंद झाला, की गाणारीला मिठीच मारणार होते. म्हणजे रोज सकाळी हा माणूस डोळे मिटून माझंच ऐकतो!  पण ती मी नव्हतेच. ती कुणी कोवळी, लाजणारी पोर होती. सवत बाहेर शोधत होते, ती फळीवर बसली होती.

हे आत आले. मला बघून गडबडले.

"ती सीडी फेकून द्या," मी म्हटलं.

"मग मशीन कशावर तपासू?"

"माझ्यावर. मी मेले नाही अजून."

यांनी निमूट माईक पुढे केला. दिवसभर तोंडाचा पट्टा चालवणारी मी, मला शब्द सुचेना. शेवटी म्हटलं, "डबा विसरत जाऊ नका. वेळेवर जेवा." यांनी ते राईट केलं, प्लेअरवर लावलं आणि डोळे मिटले. मान कलती झाली. हेच तर हवं होतं मला! पण माझं सगळं लक्ष त्यांच्या कपाळावरच्या आठीकडे.

"खरखर आहे," ते म्हणाले.

"मशीनमध्ये?"

 खोटं बोलता येत नाही बिचाऱ्यांना. "मशीन ठीक आहे."

गाणारी दरवाजाबाहेर बघत राहिली. मी डबा ठेवला आणि घरी आले.

रात्री ताटं घेताना सकाळी त्या कोवळ्या पोरीची सीडी आधी लागणार की माझी, हेच डोक्यात घोळत होतं. हे बाहेर वर्तमानपत्रामागे, नेहमीसारखे बहिरे. तो जुना आवाज जमतो का बघावं म्हणून मी भिंतीकडे तोंड करून, अगदी हळू म्हटलं, "अहो, हसू नका ना."

वर्तमानपत्र खाली पडल्याचा आवाज झाला. हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे.

"काय म्हणालीस?"

माझ्यासाठी आले, की त्या पोरीसाठी? जिभेवर आलं होतं, पण विचारायचा धीर झाला नाही.

"काही नाही," मी म्हटलं. "नळ गळतोय."