इंदुताईंचे बिनफवारणीचे गुलाब

इंदुताई वानखडे यांना मी प्रथम पाहिले तेव्हा त्यांच्या हातात कुदळ होती. वडनेर भोलजीच्या शाळेत गणिताचा शिक्षक म्हणून मी नुकताच रुजू झालो होतो. स्नेहसंमेलन तोंडावर आले होते आणि जीवशास्त्राच्या या बाई कार्यालयासमोरचा गुलाबाचा वाफा मुळासकट उपटत होत्या. पानांवर काळे ठिपके पडले होते, खाली पिवळ्या पानांचा सडा होता आणि सारखे औषध मारूनही झाडे सावरत नव्हती. मुख्याध्यापक घाईघाईने बाहेर आले.

"बाई, परवा पाहुणे येऊन राह्यले, अन् तुम्ही वाफा मोकळा करून राह्यल्या?"

"आजारी झाडं दाखवण्यापेक्षा साफ माती दाखवू, सर," इंदुताई म्हणाल्या. कुदळ थांबली नाही.

कोणाची बाजू घ्यावी हे मला कळेना, म्हणून मी उपटलेली झाडे उचलून बाजूला ठेवू लागलो. आमची ओळख झाली ती अशी.

इंदुताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात खरे तर माझ्या पत्नीने, नलिनीने, लिहायचे होते. माजी विद्यार्थ्यांच्या समितीने तिलाच विचारले होते. गेल्या वर्षी ती गेली. मग समितीने मला विचारले आणि मी होकार दिला. मी बाईंचा केवळ सहकारी. त्यांची शिष्या म्हणावी अशी नलिनीच होती. त्यामुळे तिने काय लिहिले असते याचा अंदाज करत मी लिहितो आहे, आणि तो बरोबर असेलच असे नाही.

इंदुताईंच्या कामाविषयी आधी लिहितो. घरच्या अंगणात गुलाब लावायचा तर औषध, खत आणि रोजची देखभाल लागतेच, असे आपल्याकडे सर्वांनी धरून ठेवले आहे. बाईंना ते मान्य नव्हते. आपल्याकडचे ऊन आणि आपल्याकडची काळी माती सोसून, फवारणीशिवाय निरोगी राहील असे झुडूप त्या शोधत राहिल्या. कुणी गावाला निघाले की त्यांचे एकच सांगणे असे, "ज्याले कोणी पाणी टाकत नाही अन् तरी फुलते, तो गुलाब मले दाखवा." दुसरबीडच्या एका ओसाड आवारातून, मलकापूरच्या रेल्वे क्वार्टरच्या मागून त्यांनी फांद्या आणल्या. घरी त्या फांद्या जगवून त्या दोन पावसाळे नुसते पाहत बसत. पाने ठिपके न पडता टिकली, तरच त्या झुडपाच्या फांद्या दुसऱ्यांना मिळत. जुन्या तेलाच्या डब्यात रोप द्यायचे आणि डबा परत मागायचा, ही त्यांची रीत जिल्ह्यात बऱ्याच घरांना ठाऊक आहे.

सगळ्यांना ही झुडपे आवडत असे मात्र नाही. फूल लहान, दांडी आखूड. आमच्या शेजारच्या काकू एकदा त्यांना म्हणाल्या, "बाई, याले दांडीच नाही. देवाले वाहू का डोक्यात घालू?"

"झाडावर राहू द्या अन् येता-जाता पाहा," बाई म्हणाल्या. "फुकटात आहे."

त्यांच्या सचोटीची एक आठवण नलिनी नेहमी सांगत असे. एका गुलाबी झुडपाला बाईंनी निरोगी ठरवले आणि गावातल्या बऱ्याच घरी दिले. पुढच्या हिवाळ्यात त्यावर भुरी आली. पांढरी पूड टाकल्यासारखी पाने झाली. लोकांनी हवामानाला दोष दिला असता, बाईंना कोणी काही म्हणालेही नव्हते. पण त्या स्वतः घरोघरी गेल्या आणि "माझा अंदाज चुकला, हे काढून टाका," असे सांगून आल्या. बरोबर नलिनी होती. एका घरी म्हातारीने झाड काढू दिले नाही. बाई तिथेच बसल्या, चहा प्यायल्या आणि निघताना म्हणाल्या, "ठेवा मग. पण माझं नाव सांगून कोणाले फांदी देऊ नका."

आता माझ्यावर त्यांनी केलेल्या उपकाराविषयी लिहितो. तो उपकार नेमका कोणता, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही.

मलकापूरच्या आमच्या घरी फाटकाजवळ गुलाबाची दोन झाडे शेजारी-शेजारी होती. एक बाईंनी दिलेले झुडूप, दुसरे नलिनीने रोपवाटिकेतून आणलेले कलम. दोन्ही गुलाबी, एवढेच मला माहीत होते. नलिनीच्या तेराव्याला मांडव घातला तेव्हा मांडववाल्यांनी खांबासाठी एक झाड मुळासकट काढले आणि दुसरे जमिनीलगत छाटले. कोणते गेले आणि कोणते राहिले, हे घरात कोणालाच सांगता येईना. हे विचारायचे तर नलिनीलाच विचारायला हवे, एवढेच मला पुन्हा पुन्हा सुचत होते.

पावसाळ्यात राहिलेल्या बुंध्याला फूट आली. माझे मेहुणे प्रकाशराव आले होते. त्यांनी वाकून एका देठावरची पाने मोजली.

"सात पानं आहेत, भाऊजी. ही खुंटाची फूट. रानटी. उपटून टाका."

कलमी गुलाबात खाली रानगुलाबाचा खुंट असतो आणि त्यावर चांगल्या गुलाबाचा डोळा भरलेला असतो. वरचे मेले की खालचे रानटी वाढते. बाईंची झुडपे नुसती फांदी लावून केलेली, त्यामुळे त्यांत वर-खाली एकच झाड. ही माहिती मला होती, पण तिचा उपयोग होत नव्हता. समोरची फूट बाईंच्या झुडपाची असेल, विकतच्या गुलाबाची असेल किंवा रानटी खुंटाची. मला ती बाईंच्या झुडपाची हवी होती. नलिनी त्याच झाडापाशी बसलेली असे, अशी माझी समजूत होती.

मी बाईंना फोन केला. दुसऱ्या दिवशी त्या बसने आल्या. खुरप्याने बुंध्याभोवतीची माती त्यांनी बाजूला केली आणि कलमाची गाठ दिसते का ते पाहिले. बुंधा चिरलेला, कुजलेला होता.

"सात पानांवरून काही ठरत नाही," त्या म्हणाल्या. "नव्या जोमाच्या फुटीले येतात तशी. गाठही दिसून नाही राह्यली."

"पण तुमचंच असेल ना, बाई?"

त्यांनी खुरप्याची माती झटकली. "सर, हो म्हटलं तर तुम्हाले बरं वाटेल. पण मले माहीत नाही. फूल येऊ द्या."

त्या दिवशी मला त्यांचा राग आला होता. एवढे सांगायला काय हरकत होती, असे वाटले. पुढे मात्र त्या दर रविवारी येऊ लागल्या. झाड पाहत, माझ्याशी दोन शब्द बोलत. मी सारखे पाणी घालतो हे पाहून म्हणाल्या, "काऊन बुडवता त्याले? जरा एकटं सोडा." नलिनीचा विषय त्या आपणहून काढत नसत. मी काढला की पूर्ण ऐकून घेत.

मार्गशीर्षात कळी आली आणि एका रविवारी उमलली. लांब दांडीवर एकच, मोठे, भरगच्च पाकळ्यांचे गुलाबी फूल. बाईंच्या झुडपाला लहान फुलांचे घोस येतात, हे मला एव्हाना माहीत झाले होते. खालच्या पानांवर काळे ठिपकेही दिसू लागले होते.

"हे माझं नाही," बाई म्हणाल्या. "विकतचं आहे. खांबाखाली माझं गेलं."

मी म्हणालो, "मग उपटू?" त्यांच्या शिकवणीप्रमाणे तेच योग्य होते. शाळेचा वाफा मी पाहिला होता.

बाई फुलाकडे पाहत राहिल्या. "माझं झुडूप मी दिलं होतं, सर. नलिनीनं मागितलंही नव्हतं. देत होते तर नाही कसं म्हणावं, म्हणून तिनं लावलं. हे तिनं आपल्या पसंतीनं आणलं, अन् माझ्यापासून लपवून औषध मारत होती. मले वास यायचा." मग त्या म्हणाल्या, "चला, दुकानात जाऊ."

बाजारातल्या कृषी केंद्राचा मालक त्यांचाच विद्यार्थी निघाला. त्याने काउंटरवरून वाकून नमस्कार केला.

"बाई, तुम्ही? अन् बुरशीनाशक? तुम्ही तर आमचं दुकान बंद करायले निघाल्या होत्या."

"चूप बस बे. लहान पुडी दे. एकाच झाडाले पाह्यजे."

घरी आल्यावर बाईंनी बादलीत औषध कालवले आणि नाकाला पदर लावून त्या झाडावर स्वतः फवारा मारला. पानाच्या खालच्या बाजूनेही कसे मारायचे ते मला दाखवले. ज्यांनी आयुष्यभर फवारणीला विरोध केला, त्यांना असे करताना पाहून मला काय वाटले, ते मला आजही शब्दांत मांडता येत नाही. माझे झाड कोणते, नलिनीचे कोणते, बाईंचे कोणते, हा सगळा हिशेब तिथे गोंधळून गेला. एवढे मात्र कळले की झाड राहिले.

इंदुताईंनी अंगणा-अंगणांत लावलेली झुडपे त्यांच्यावाचूनही फुलतील, तशीच ती निवडलेली आहेत. माझ्या फाटकाजवळचे झाड मात्र तसे नाही. दर पंधरवड्याला त्याला औषध लागते, आणि किती पाण्यात किती पूड हे माझ्या ध्यानात राहत नाही. मी फोन करतो. "सर, परत विसरले?" असे म्हणून बाई सांगतात. लिहून ठेवता आले असते, पण मी ठेवत नाही. त्यांची प्रकृती उत्तम राहो, त्यांना दीर्घायुष्य लाभो, आणि माझा फोन त्यांनी पुढची पुष्कळ वर्षे असाच उचलावा, ही माझी आणि माझ्या घरची प्रार्थना.