जबल शम्सच्या उतारावर ऐकलेली हाक

मी ओमानमध्ये, मस्कतच्या गाला भागात गॅरेजमध्ये काम करतो. शाळा फार झाली नाही. पण गाडी बंद पडली तर त्याला काहीतरी कारण असतं, एवढं मला कळतं. भूतबित मी कधी मानलं नाही. या ग्रुपवरचे तुमचे भुताखेतांचे अनुभव मुलगा वाचून दाखवायचा तेव्हा मी हसायचो. आता माझा लिहितोय... तुम्ही हसा.

माझी बायको फिलोमिना गेल्या पावसाळ्यात गेली. वसईला नेऊन मातीला दिली आणि परत कामावर आलो. घरी बसून काय भिंती बघायच्या?

इथल्या जबल शम्स डोंगरावर थंडीत कधी कधी बर्फ पडतं. ते बघायची तिला फार हौस. दरवर्षी मी म्हणायचो, इन्शाल्ला पुढच्या वर्षी. एकदा म्हटलं, बर्फच बघायचंय ना, फ्रीजर उघड आणि बघ. ती म्हणाली, "तुमचा फ्रीजर पुसता पुसताच मरणार मी."

या जानेवारीत डोंगरावर पाऊस झाला, वर बर्फही पडलं. मुलगा रूबेन म्हणाला, चला पप्पा, मम्मीच्या नावानं जाऊन येऊ.

दोघंच गेलो. दरीच्या कडेनं एका ओस गावाकडं पायवाट जाते. एका बाजूला खोल दरी, दुसऱ्या बाजूला डोंगर. मध्येच एक पट्टा असा लागला की वरपासून खालपर्यंत नुसते सुटे दगड. रूबेननं मला तिथं थांबवलं. तो हिमालयात बर्फातून चालून आलाय, तिथं शिकवतात म्हणे. रात्री फटीतलं पाणी गोठतं, सकाळी ऊन लागलं की सुटतं, मग बर्फ असो की दगड, उतार खाली येतो. म्हणून एकेकानं पार व्हायचं. दुसऱ्यानं सुरक्षित जागेवरून वर नजर ठेवायची.

"आणि मध्ये उभं राहायचं नाही पप्पा. काही झालं तरी."

मी म्हटलं, आयुष्यभर जॅकवरच्या गाडीखाली झोपलोय, मला काय शिकवतोस? पण ऐकलं. तो आधी गेला, पलीकडं उभा राहिला, हात केला. मी निघालो.

अर्ध्यात आलो आणि पाठीमागून हाक आली.

"ऐकता का?"

फिलोमिनाच. तिनं कधी मला नावानं हाक मारली नाही, जन्मभर हेच. गॅस संपला, ऐकता का. पोराला ताप आला, ऐकता का.

माझे पाय थांबले. समोरून रूबेन ओरडत होता, पप्पा चला, थांबू नका. मी हललो नाही. वळलोही नाही आणि ओ पण दिली नाही. आमच्याकडं लहानपणी आई बजावायची, रानात-डोंगरात एका हाकेला ओ द्यायची नाही. माणूस असेल तर परत हाक मारील. भूत न मानणारा मी... पण तोंड घट्ट मिटून दुसऱ्या हाकेची वाट बघत उभा राहिलो.

तेवढ्यात वरून आधी खडी आली, मग दगड, मग इंजिनाएवढा धोंडा. माझ्यापुढची वाट घेऊन दरीत गेला. दोन पावलं पुढं असतो तर खलास.

धूळ बसल्यावर मागं बघितलं. वाट रिकामी. माणूस नाही, बकरी नाही.

रूबेन लांबून वरच्या वाटेनं वळसा घालून आला आणि मला धरून रडला. म्हणाला, माझ्याच आवाजाचा प्रतिध्वनी असेल. असेल बाबा. पण तो पप्पा म्हणत होता, आणि प्रतिध्वनीला बाईचा आवाज कुठून येईल? फादरना सांगितलं, ते म्हणाले तिच्या आत्म्यासाठी चर्चमध्ये मिस्सा द्या. दिली. उलगडा काही झाला नाही.

लोक म्हणतात, नशीबवान आहात, बायकोनं वाचवलं. असेलही. मी त्या वाटेवर बराच वेळ उभा होतो, धोंडा पडून गेल्यावरसुद्धा. दुसरी हाक आलीच नाही.

ती नुसतं ऐकता का म्हणून कधी गप्प बसली नाही हो. मी काय गं म्हटलं की पुढं काहीतरी सांगायचीच. त्या दिवशी मी काय गं म्हटलं नाही. काय सांगायचं होतं तिला, कोण जाणे.