दवाखान्यात सांगितलेलं नाव

आक्कांची आणि माझी पहिली ओळख उंबऱ्यावर झाली. मी नवी नवरी, माप ओलांडायला उभी होते आणि समोर ओवाळायचं ताट घेऊन थोरल्या जाऊबाई. सगळ्या बायकांचे डोळे माझ्या पायाकडं. ओवाळता ओवाळता आक्का हळूच म्हणाल्या, "लई जोरात लाथ मारू नगं बाई, सांडलेले तांदूळ मलाच गोळा करायचेत." मला सगळ्यांदेखत हसू फुटलं. माहेर सुटल्याचं रडू आलं होतं ते कुठल्या कुठं गेलं, आणि मागून एक म्हातारी बोलली, "हसरी हाय पोरगी."

आक्कांच्या एकसष्टीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांची पाळणाघरातली सहकारी म्हणून मी लिहावं, असं गौरवसमितीनं सांगितलं. संपादक सरांनी बजावलं, "आधी कार्य, मग मूल्यं, मग आठवणी, असं क्रमानं लिहा." सर, क्रमानं लिहायला बसले खरी, पण बूड टेकत नाही. दोन ओळी झाल्या की उठते, दूध बघून येते, उगीच दारात जाऊन उभी राहते. आक्कांचं कार्य जिथून सुरू झालं ती गोष्ट आमच्या वाडीला माहीत आहे, बाहेर कधी कुणी सांगितलेली नाही. परवा त्यांना विचारलं, "आक्का, लिहू का ते?" त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "लिही की. आता कोण माझं सरपंचपद काढून घेतंय?"

आमची वाडी शिरूर तालुक्यातली, केंदूरच्या बाजूला. सासऱ्यांना सगळं गाव आप्पा म्हणायचं आणि गावातलं एक पॅनेल त्यांच्या शब्दावर चालायचं. सरपंचपद बाईसाठी राखीव झालं तेव्हा आप्पांनी थोरल्या सुनेला उभं केलं. सही करायला घरातली बाई असली म्हणजे झालं, एवढाच त्यांचा विचार. पहिल्याच ग्रामसभेत आप्पा सवयीनं बोलायला उठले, तर आक्का डोक्यावरचा पदर सावरत म्हणाल्या, "आप्पा, बसा तुम्ही. माईक माझ्याकडं हाय." सभा हसली. आप्पाही हसले, पण घरी आल्यावर जेवले नाहीत. नळाचं पाणी त्या वर्षी खालच्या आळीला आधी गेलं आणि आमच्या आळीला नंतर आलं.

मग, दोन लेकींच्या पाठीवर बऱ्याच वर्षांनी, आक्कांना पुन्हा दिवस गेले.

पंचायतीत निवडून आलेल्या माणसाला तिसरं मूल झालं की त्याचं पद जातं, हा कायदा आपणा सर्वांना ठाऊक आहे. आप्पांना नातू हवा होता आणि पदही सोडायचं नव्हतं. माझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती. नवस झाले होते, पुण्याचे डॉक्टर झाले होते, कूस रिकामीच. आप्पांनी आम्हा सगळ्यांना समोर बसवलं आणि सांगून टाकलं, "थोरलीला हुईल ते धाकटीच्या नावावर लावायचं. धाकटीला लेकरू, थोरलीला खुर्ची. कुणाचं काय बिघडतंय?" हे काही आमच्या घरानं शोधून काढलेलं नव्हतं. कुठं तिसरं पोर मेव्हणीच्या नावावर होतं, कुठं नवराबायकोनं कागदावर काडीमोड घेऊन एकाच चुलीवर संसार चालवला होता. कायदा आला तशा त्याच्या पळवाटाही घरोघरी आल्या. आक्का त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. मी मात्र एका पायावर तयार होते, हे स्पष्टच लिहिते.

त्या दिवसापासून मला दिवस गेले! जुन्या मऊ लुगड्याची घडी पोटाला बांधायची, वरून साडी नेसायची, महिना सरला की घडी जाड करायची. मी कमरेवर हात ठेवून चालायला शिकले. आक्का अंगानं भरलेल्या, त्यात पदर लपेटून बसायच्या. पाठ धरली म्हणून सभा उपसरपंचांवर सोपवलेल्या. गावानं माझं डोहाळजेवण केलं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, गाणी, सगळं. झाकलेल्या वाट्यांतली एक उघडायला लावली, तिच्यात पेढा निघाला आणि आप्पा ओसरीवरून ओरडले, "बघा, म्हनलो नव्हतो?" मी ताट उष्टं न करता तसंच मागच्या खोलीत नेलं, कारण डोहाळे तर तिथं बसलेल्या बाईला लागले होते. आक्कांनी सगळं ताट चाटूनपुसून संपवलं आणि म्हणाल्या, "कुरडई अजून आण."

दिवस भरले तशी बाळंतपणाची जागा ठरली. शिरूर तालुक्यात सरपंचबाईंना ओळखणारे फार, म्हणून भीमा ओलांडून दौंड तालुक्यात, यवतजवळ हायवेवरच्या एका लहानशा दवाखान्यात जायचं. दुपारी कळा सुरू झाल्या. जीपमध्ये पुढच्या सीटवर मी कण्हत बसले होते, गाव सुटेपर्यंत ढोंग टिकवायला, आणि मागं आक्का तोंडात पदराचा बोळा धरून मुकाट. दवाखान्यात काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "पेशंटचं नाव?" आमच्या ह्यांनी ठरल्याप्रमाणं माझं नाव सांगायला तोंड उघडलं. आक्का भिंतीला धरून उभ्या होत्या. त्यांनी वळून एकदा माझ्याकडं बघितलं, मग काउंटरकडं तोंड करून स्वतःचं नाव सांगितलं. नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट, खणखणीत.

"कितवी खेप?" मुलीनं विचारलं.

"तिसरी," आक्का म्हणाल्या, आणि आत गेल्या.

मी बाकावर बसून राहिले. एक नर्स जाता जाता माझ्याजवळ थांबली आणि मायेनं म्हणाली, "ताई, तुमचा कितवा?" थोड्या वेळानं तीच नर्स बाहेर आली, मुलगी झाली म्हणाली आणि बाळाला गुंडाळायला मऊ कापड मागू लागली. दुपटी, कुंच्या मी हौसेनं शिवून ठेवलेल्या, त्या सगळ्या गडबडीत घरीच राहिल्या होत्या. मी मोरीत गेले, पोटावरचं लुगडं सोडलं आणि तिच्या हातात दिलं. आमची ऋतुजा जगात आल्यावर पहिल्यांदा त्यात गुंडाळली गेली.

कुणी तक्रार करायच्या आतच आक्कांनी पंचायत समितीत जाऊन राजीनामा दिला. "एका पोरीपायी खुर्ची घालवली," असं आप्पा येईल त्याला सांगत राहिले. आक्कांच्या खरेपणाची तारीफ पुढं पुष्कळांनी केली, या ग्रंथातही इतर लेखकांनी केली असेल. मी केली नाही. माझं लेकरू दारापर्यंत येऊन माघारी गेलं होतं. एका घरात राहून, एका चुलीवर भाकरी थापून मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. ऋतुजा रडली तरी मी तिला उचलत नसे, हात बांधून बसे. आक्का मात्र रोज मला विचारून भाजी ठरवायच्या, आणि मी उत्तर दिलं नाही की मला आवडणारी भाजी करायच्या.

एके दिवशी त्या म्हणाल्या, "चल, कारेगावला जायचंय." कशाला, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण बोलणं बंद होतं. कारेगावात कारखान्यात जाणाऱ्या माणसांच्या चाळींच्या रांगा आहेत. तिथल्या एका खोलीत मराठवाड्याकडची एक पोर शिफ्टला निघायची तयारी करत होती. तिनं आमच्यासमोर ओढणी पोटाभोवती गच्च आवळली, वर ढगळ शर्ट घातला. सहावा महिना होता तिला. "ठेकेदाराला कळलं तर गेट बंद करतंय बघा," ती म्हणाली, "आन् हे थोरलं ठेवू कुठं? अंगणवाडी दुपारी सुटती, माझी शिफ्ट सुटती संध्याकाळी." थोरलं म्हणजे जेमतेम चालणारं पोर, खाटेच्या पायाला बांधलेलं होतं. बाळंतपणाच्या भरपगारी रजेचा कायदा तिच्यासाठीही होता म्हणे, फक्त तिच्या गेटपर्यंत तो आलेला नव्हता. मी नसलेलं पोट मिरवलं होतं आणि ही असलेलं आवळत होती. परतीच्या एसटीत मी आक्कांशी पहिल्यांदा बोलले, तेही तावातावानं. "नुसतं बघून काय करायचं? खोली घ्या की तिथं एखादी!" त्या खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "घेतलीय. सांभाळायला कोण, तेवढंच बघत होते."

असं आमचं पाळणाघर सुरू झालं. शिफ्टप्रमाणं उघडणारं आणि शिफ्टप्रमाणं मिटणारं. आक्कांनी तिथं पहिल्या दिवसापासून एक पद्धत पाडली, ती आजही आहे. लेकराला हाक मारायची ती आईच्या नावानं. सुनीताचा सोनू, रेखाची पिंकी, शबनमचा आरिफ. एकदा एक बाप आला, बिहारकडचा, जरा गुर्मीत म्हणाला, "मेरा लड़का दो." आक्का त्याला दारातच अडवून म्हणाल्या, "किसका?" तो स्वतःचं नाव सांगत राहिला, आक्का "किसका?" विचारत राहिल्या. शेवटी बिचाऱ्यानं लाजत बायकोचं नाव घेतलं. आमच्या माहितीप्रमाणं ते त्यानं चारचौघांत पहिल्यांदाच घेतलं असावं. आता सरकारनंच कागदोपत्री मुलाच्या नावापुढं आईचं नाव लावायला सांगितलं, तेव्हा आक्का खो खो हसल्या. "आत्ता सुचलं व्हय यांना!"

मला तसं हसता येत नाही. मी आक्कांसारखी नाही, माझं डोकं फिरतं. दोन मुलांचा नियम वाईटच होता असंही मला म्हणवत नाही. त्याच नियमाच्या धाकानं आमच्या वाडीतली काही घरं दोन लेकींवर थांबली आणि त्या पोरी शिकल्या. पण त्याच धाकानं कुठं काय काय पाडलं गेलं, कुठं कुणाची आई बदलली, ते आम्हा बायकांनाच ठाऊक आहे. एका हातानं बाईला खुर्ची द्यायची, दुसऱ्या हातानं तिचं पोट मोजायचं. आता म्हणे कुठं कुठं व्यासपीठावरून जास्त पोरं होऊ द्या असंही सांगतात. अहो, आधी ठरवा तरी काय ते! आणि ठरवताना त्या पोरांना सांभाळणार कोण, हे एकदा विचारा. आमची ऋतुजा आता दौंड तालुक्यात दिली आहे. तिकडं एका कारखान्यात कामाला होती. तिनं काही आवळलं नाही, सरळ सांगितलं दिवस गेलेत म्हणून. पुढच्या महिन्यात तिचं कंत्राट वाढवून मिळालं नाही. हे आईला सांगताना ती रडली नाही. मी मात्र रागानं रात्रीची भाकरी जाळली.

या सगळ्यापायी हा लेख पुढं सरकेना. मनात एक प्रश्न इतकी वर्षं रुतून बसला होता, तो परवा भाजी निवडतानाच विचारून टाकला. "आक्का, त्या दिवशी माझं नाव का नाही सांगितलं? आधी तर काही बोलला नव्हता तुम्ही."

आक्कांचे हात थांबले. म्हणाल्या, "सांगणारच होते. तोंडात आलं होतं तुझं नाव. मग वळून बघितलं. तू पोटाला दोन्ही हात धरून उभी होतीस, बांधलेलं हाय हे तू इसरलीच होतीस. मी मनात म्हनलं, हिनं एकदा लेकरू घेतलं तर मला त्याच्याकडं बघूबी द्यायची न्हाई. हीच त्याची आई हुईल, माझ्यापेक्षा चांगली. लई भ्याले मी. लोक खरेपणा म्हनत्यात. कसला खरेपणा! तुझी भीती वाटली मला."

मी गवारीच्या शिरा काढत बसले. आयुष्यात मला कुणी आई म्हटलेलं नाही. पण सख्ख्या आईनं भ्यावं इतकी मी आई दिसले होते, आणि ते आक्कांनी बघितलं होतं, हे ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी उठून मोरीत जाऊन तोंड धुऊन आले.

तेव्हा आक्का, एकसष्टीच्या या दिवशी माझं मागणं ऐका. गुडघ्याला तेल लावत चला, साखर सांभाळा, आणि खूप वर्षं धडधाकट राहा, कारण आई कोण, या विषयावर तुमच्याशी आता कुठं भांडण सुरू झालंय. ऋतुजाचे दिवस भरत आलेत. ते लुगडं मी अजून जपून ठेवलंय, परवाच धुऊन उन्हात घातलं. आपण दोघी मिळून जाऊ. या खेपेला मी पोटाला काही न बांधता येईन, आणि काउंटरवर आईचं नाव विचारतील तेव्हा तुम्हीही पुढं होऊ नका. तिचं नाव तिला सांगू द्या.