पत्रिकेतलं सौ.

बाबा गेले त्याच वर्षात बहिणीचं लग्न उरकायचं ठरलं, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागलं असतं. मी नोकरीनं कॉम्प्युटरवाला, म्हणजे घरच्यांच्या मते पंखा, मिक्सर, सगळंच दुरुस्त करणारा. त्यामुळे शेणव्याला, गावच्या घरी, पत्रिकेचा मजकूर माझ्याकडे आला. हातानं लिहिला असता तर जेवणाआधी झाला असता. मी प्रोग्रॅम लिहिला.

प्रत्येक नावापुढं एक खूण: हयात आहे, हो की नाही. 'नाही' असेल तर नावाआधी कै. लागायचं आणि त्याच्या बायकोच्या सौ.चं श्रीमती व्हायचं. पण एक चुलते घरातून गेले ते परत आलेच नाहीत. त्यांचं काय लिहिणार? म्हणून हो-नाही मी सरळ न लिहिता प्रोग्रॅममधल्या एकेका डबीत ठेवलं. ज्याचं माहीत नाही त्याला डबीच नाही, आणि पत्रिकेत नावही नाही. या हुशारीवर मी खूश होतो.

बाबांच्या डबीत 'नाही' टाकताना काही वाटलं नाही. त्या दिवसांत कशाचंच काही वाटत नव्हतं.

कागद छापून पाहिला तर आजोबा, थोरले काका, बाबा, सगळे हयात. प्रोग्रॅम फक्त डबी आहे का ते बघत होता. ती उघडून आत काय आहे ते बघ, असं मी सांगितलंच नव्हतं. 'नाही' ठेवलेली डबीही त्याच्या लेखी 'हो'च.

धाकटे काका म्हणाले, "बरं झालं रे, मांडव घालायला मानसं वाढली."

आई कागद घेऊन दाराशी उजेडात गेली. तिच्या नावाआधी सौ. आलं होतं. मी म्हटलं, तुझ्यापुरतं राहू दे हवं तर, कोण बघतंय.

"व्याही बघतील," ती म्हणाली. "आन् मी बघीन ना. काढ ते."

मी डबी उघडून आतलं वाचायची एक ओळ घातली. दुसरा कागद निघाला. आजोबांना कै. लागलं, काकांना लागलं, बाबांना लागलं. आई श्रीमती झाली.

तिनं ते नाव वाचलं, खालचा मुहूर्तही वाचला आणि कागद माझ्याकडे दिला.

"आता बरोबर हाय. छापायला मुरबाडला चाललास तर येताना हळद आण, संपलीय."

किती आणू, मी विचारलं. पाव किलो, ती म्हणाली.