बोळीतले कपडे

"तुझे कपडे गच्चीवर नको टाकत जाऊ. मागच्या बोळीत टाक. तुमच्या लोकायले स्वच्छतेची सवय नसतेच."

घरमालकीण काकू हे बोलली तवा माह्या हातात ओली सलवार होती. दर्यापूरहून अमरावतीले शिकाले आलती मी. खोलीत बुद्धाचा फोटो लावला, तवापासूनच काकूचा आवाज बदलला होता. वरून कमरेवर गजकर्ण उठलं, अन् ते काकूले दिसलं. लाल कडी, लय खाज. मी खाली मान घालून कपडे बोळीत नेले. तिथं ऊन येतच नव्हतं. सकाळी दमटच अंगावर चढवायचे.

अन् काकूची पोरगी ऋतुजा, माह्याच वर्गातली. तिच्या मानेवर तसंच गजकर्ण. पण तिची म्हणे ॲलर्जी. काकू आपल्या बोटानं तिले मलम लावे, वरून फुंकर घाले. मी दारातून पाहत राहायची अन् जळायची. खोटं कायले सांगू? मले तिच्या मायचा हेवा वाटे. तिच्या रोगाच्या नावाचाही वाटे. त्याच जळणीत मी मेडिकलातून तीच ट्यूब आणली. आधी खाज थांबली. मग गजकर्ण मांडीपर्यंत पसरलं.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीनबाईनं माही कातडी खरवडली, काचेवर घेऊन थेंब टाकला, अन् मलेच सूक्ष्मदर्शकातून पाहाले लावलं. फांद्या फुटलेले बारीक धागे.

"बुरशी आहे ही," ती म्हणाली. ओल अन् घाम भेटला की वाढते. त्या ट्यूबमधल्या स्टिरॉइडनं आणखी फोफावली. ट्यूब बंद, गोळ्या पूर्ण घ्यायच्या, कपडे कडक उन्हात वाळवायचे.

मी विचारलं, हे कोणत्या लोकायले होते?

"कातडी असलेल्या."

म्हणजे ज्या रोगापायी मले बोळीत धाडलं, तो बोळीनंच पोसला. माहं डोकं सणकलं.

घरी आली अन् बादली घेऊन थेट गच्चीवर. ऋतुजाच्या कपड्यांपासून हातभर दूर टाकले माहे. ते अंतर डॉक्टरीनबाईनं सांगितलं म्हणून, काकूसाठी नाई. काकू आलीच. काढ म्हणे.

"नाई काढत. ऋतुजाले तेच झालं आहे. तिचे बोळीत न्या, मग माहे नेतो."

खोली सोड म्हणाली. सोडली.

आता अकोल्यात नोकरी करतो मी. कातडी साफ आहे. ऋतुजाचा हेवा गेला नाई, अन् मले तो घालवायचाही नाई; त्यापायीच मी माह्या वाट्याचं ऊन मागाले शिकली. खोली पाहाले गेली की आधी सांगतो, आमी बौद्ध. मग म्हणतो, गच्ची दाखवा. ज्याचा चेहरा पडते, त्याच्या घराचा उंबरा मी ओलांडत नाई.