टॉवेलच्या दिशेने

प्रयोगशाळेतल्या गोल हौदात, दुधाळ पाण्याखाली एक छोटा चौथरा लपवलेला असतो. त्याची जागा आठवून उंदरांनी पोहत तिथं पोचायचं. आज मेंदूतल्या डोपामाइन या रसायनाला अटकाव करणारं औषध दिलेला उंदीर ती जागा साफ विसरला. थोडा घुटमळला आणि तडक माझ्याकडे पोहत आला. मी रोज तिथंच टॉवेल घेऊन उभी असते ना!

"मॅडम, तुम्हीच त्याची खूण झालात," माझी विद्यार्थिनी मेधा हसली. "आजची चाचणी बाद!"

खरंच होतं. पण आजोळची वाट विसरली, तरी फाटकाशी कोण उभं असायचं ते आपण कुठं विसरतो?

उद्यापासून मी पडद्यामागे उभी राहणार. आज मात्र त्याला जरा जास्तच वेळ पुसत बसले.